आईचा टूडी इको ‘नॉर्मल’ होता: स्क्लेरोडर्मा आणि फुप्फुसातील रक्तदाबाची दरवर्षीची तपासणी

दक्षिणकसबा (धागा सुरू करणारी)

नमस्कार. गेल्या वर्षभरात आमच्या घरात जे घडले ते इथे सविस्तर लिहिते आहे. सोलापुरात आणि आसपासच्या तालुक्यांत स्क्लेरोडर्मा असलेल्या ज्या कुटुंबांशी माझी ओळख झाली, त्यांच्यापैकी बहुतेकांकडून एकच वाक्य ऐकायला मिळाले: “दम लागत नाही ना, मग काळजी नाही.” आम्हीही हेच वाक्य आठ वर्षे म्हणत होतो.

आईचे वय ५८ आहे आणि तिला नऊ वर्षांपासून सिस्टेमिक स्क्लेरोसिस, म्हणजेच स्क्लेरोडर्मा आहे; यात त्वचा आणि आतले अवयव ताठरत जातात. हा आजार लिमिटेड प्रकारचा, म्हणजे त्वचा मुख्यतः बोटे, हात आणि चेहरा यांवर ताठरलेली, आणि रक्तात अँटी-सेन्ट्रोमिअर अँटिबॉडी. बोटे पांढरी पडून मग निळी होण्याचा त्रास, ज्याला रेनॉड म्हणतात, तो त्याच्याही पाच वर्षे आधीपासून होता. पण सोलापूरच्या उन्हात तो लपून राहिला. जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत पहाटे नळाखाली हात धरला की बोटे खडूसारखी पांढरी होत आणि ‘हिला थंडी सोसत नाही’ एवढ्यावर विषय संपत असे. निदान झाल्यावर औषधे सुरू झाली, तब्येत स्थिर राहिली, आणि ती घरातले सगळे काम करत होती.

दरवर्षी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, होत असे आणि दरवर्षी त्यावर ‘नॉर्मल’ असे लिहून येत असे. पीएफटी, म्हणजे फुप्फुसांच्या कार्याची तपासणी, हीही होत असे, पण तिचा कागद फाइलमध्ये जात असे आणि तिथेच राहत असे. गेल्या वर्षी आम्ही नव्या संधिवाततज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी तीन वर्षांचे पीएफटीचे कागद टेबलावर एकाशेजारी एक ठेवले आणि दोनच ओळींखाली पेन्सिलीने रेघ मारली. एफव्हीसी, म्हणजे खोल श्वास घेऊन जोराने सोडल्यावर बाहेर पडणारी एकूण हवा, अपेक्षित प्रमाणाच्या ९१, ९० आणि ८८ टक्के होती. तिच्यात फारसा फरक नव्हता. डीएलसीओ, म्हणजे फुप्फुसातल्या हवेतून वायू रक्तात किती सहज उतरतो याचे माप, मात्र ७२ वरून ६४ आणि ६४ वरून ५२ टक्क्यांवर आले होते. हवा नीट आत जाते आहे, पण रक्तापर्यंत पोहोचत नाही, असा त्याचा अर्थ त्यांनी आम्हाला समजावून सांगितला. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागले की तीन वर्षांचे गुणोत्तर १.२६, १.४१ आणि १.६९ येते. कागद वेगवेगळे पाहिले असते तर हा चढ कोणालाच दिसला नसता, आणि आम्हाला तो तीन वर्षे दिसलाही नाही.

त्यानंतर हृदयावर ताण आला की रक्तात वाढणारे एनटी-प्रोबीएनपी तपासले, ते ३४० आले. युरिक अॅसिड वाढलेले होते. ईसीजीत हृदयाचा अक्ष उजवीकडे झुकलेला दिसला. ओठांवर आणि तळहातांवर जे बारीक लाल ठिपके होते, जे आम्ही उष्णतेचे समजत होतो, तेही डॉक्टरांनी नोंदवून घेतले. टूडी इको पुन्हा केला. त्यात उजव्या बाजूचा अंदाजे दाब ३४ (मिमी पारा) आणि शेरा पुन्हा ‘नॉर्मल’. तरीही त्यांनी पुण्याला जाऊन राइट हार्ट कॅथेटरायझेशन, म्हणजे शिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूत नळी नेऊन दाब थेट मोजण्याची तपासणी, करून घ्यायला सांगितले. आम्ही दोन आठवडे निर्णय घेऊ शकलो नाही, कारण चालत्या-फिरत्या बाईच्या हृदयात नळी घालायची, हे घरात कोणालाच पटत नव्हते.

तपासणीत फुप्फुसाच्या धमनीतला सरासरी दाब २७ आला. हृदयाच्या डाव्या बाजूचा दाब दाखवणारा वेज प्रेशर ९ होता, म्हणजे व्यवस्थित होता, आणि रक्तवाहिन्यांचा रोध ४ वूड युनिट निघाला. निदान झाले ते पल्मनरी आर्टेरियल हायपरटेन्शनचे, म्हणजे फुप्फुसाच्या धमन्यांतल्या वाढलेल्या रक्तदाबाचे.

परतीच्या गाडीत आईने स्वतःहून एक गोष्ट सांगितली, तीच मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते. गेली दोन वर्षे वाळवणाच्या दिवसांत ती गच्चीवर गेलीच नव्हती; पापड-कुरडया घेऊन वहिनीला पाठवत होती. “ऊन फार असतं” असे कारण ती सांगत होती, आणि मेमधल्या सोलापुरात त्या कारणावर शंका घेणार तरी कोण? दम लागत नव्हता हे खरे होते, कारण दम लागेल असे प्रत्येक काम तिने हळूहळू सोडून दिले होते.

इथल्या इतर रुग्णांची आणि नातेवाइकांची दरवर्षीची तपासणी कशी होते, इकोच्या रिपोर्टवर नेमके काय लिहून येते, आणि डीएलसीओ कोणी नियमाने करून घेतो का, हे समजून घ्यायची इच्छा आहे.

सूतगिरणी

ताई, तुमचे लिखाण वाचून रात्री झोप लागली नाही. माझी धाकटी बहीण ३४ वर्षांची आहे, तिला चार वर्षांपासून हाच आजार आहे. ती घरी बिडी वळायची. बोटे आखडल्याने आणि टोकांना जखमा होऊ लागल्याने तिने ते काम सोडले. मी यंत्रमागावर काम करतो. तिची पीएफटी गेल्या महिन्यात झाली, त्यात एफव्हीसी ८५ आणि डीएलसीओ ५८ आहे. टूडी इको नॉर्मल आहे. ती सारखी थकलेली असते आणि जिना चढताना थांबते. तुमच्या आईसारखेच असेल तर आम्ही लगेच पुण्याला जावे का? एका फेरीत दोघांची दोन-तीन दिवसांची मजुरी जाते, म्हणून आधी इथे विचारतो आहे.

श्वास

मी छातीच्या आजारांचा डॉक्टर आहे आणि सोलापूर जिल्ह्यातच काम करतो. रुग्णाला न तपासता निदान सांगणे योग्य नाही, त्यामुळे मी इथे विचार कोणत्या दिशेने करावा एवढेच लिहितो.

सूतगिरणी, पुण्याचे तिकीट काढण्याआधी बहिणीचे हिमोग्लोबिन किती आहे ते पाहा. डीएलसीओच्या तपासणीत रुग्णाला कार्बन मोनॉक्साइडचा अत्यल्प अंश असलेली हवा ओढून सुमारे दहा सेकंद श्वास रोखायला सांगतात आणि त्यातला किती वायू रक्ताने उचलला हे मोजतात. तो वायू उचलण्याचे काम हिमोग्लोबिन करते. हिमोग्लोबिन कमी असेल तर फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या चांगल्या असूनही डीएलसीओ कमी दिसते. म्हणून हा आकडा हिमोग्लोबिननुसार दुरुस्त करून वाचायचा असतो, आणि ही दुरुस्ती अनेक रिपोर्टांत केलेली नसते. आपल्याकडे स्त्रियांमध्ये रक्तक्षय इतका सर्रास आढळतो की ही पायरी वगळणे मला धोक्याचे वाटते. दुसरी अडचण या आजाराची स्वतःचीच आहे. तोंड पुरेसे उघडत नाही, ओठ नळीभोवती घट्ट बसत नाहीत, हवा बाजूने निसटते आणि एफव्हीसीचा आकडा चुकतो. तंत्रज्ञाला हे आधी सांगितले तर तो लहान नळी वापरू शकतो आणि तपासणी पुन्हा करून खात्री करू शकतो.

आता मूळ विषयाकडे येतो. सिस्टेमिक स्क्लेरोसिसमध्ये साधारण आठ ते बारा टक्के रुग्णांना पल्मनरी आर्टेरियल हायपरटेन्शन होते. फुप्फुसातल्या बारीक धमन्यांच्या भिंती जाड होत जातात, पोकळी अरुंद होते, आणि हृदयाच्या उजव्या कप्प्याला त्या अरुंद नळ्यांमधून रक्त ढकलावे लागते. या धमन्यांचे जाळे इतके विस्तृत आहे की त्याचा बराच भाग निकामी होईपर्यंत विश्रांतीच्या अवस्थेतला दाब फारसा वाढत नाही. म्हणूनच दम लागण्याची वाट पाहणे या आजारात महाग पडते: तक्रार सुरू होते तेव्हा उजवा कप्पा आधीच थकलेला असतो.

युरोपातील हृदयरोग आणि श्वसनरोग संघटनांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत सिस्टेमिक स्क्लेरोसिसच्या प्रत्येक रुग्णाचे या धोक्यासाठी दरवर्षी मूल्यमापन करावे, असे स्पष्ट म्हटले आहे, तक्रार असो वा नसो. ज्यांच्या आजाराला तीन वर्षांहून अधिक काळ झाला आहे आणि डीएलसीओ ६० टक्क्यांच्या खाली आहे, त्यांच्यासाठी ‘डिटेक्ट’ नावाची पद्धत सुचवली आहे. धागाकर्तींच्या आईंच्या बाबतीत डॉक्टरांनी बहुधा तीच वापरली असावी, कारण त्यांनी पाहिलेल्या सगळ्या गोष्टी तिच्या पहिल्या पायरीत येतात: एफव्हीसी आणि डीएलसीओचे गुणोत्तर, त्वचेवरचे लाल ठिपके, अँटी-सेन्ट्रोमिअर अँटिबॉडी, एनटी-प्रोबीएनपी, युरिक अॅसिड आणि ईसीजीतला उजवा अक्ष. या सहा गोष्टींना गुण देऊन बेरीज ३०० च्या वर गेली तर टूडी इको करायचा. मग इकोमधील उजव्या कर्णिकेचे क्षेत्रफळ आणि झडपेतून मागे येणाऱ्या रक्ताचा वेग हे दोन आकडे मिळवून दुसरी बेरीज करायची, आणि ती ३५ च्या वर गेली तर कॅथेटरायझेशन. यातला क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आपल्याकडे इको पहिल्यांदा होतो आणि तो ‘नॉर्मल’ आला की पुढचे सगळे थांबते.

ही पद्धत ज्या अभ्यासातून तयार झाली त्यात १८ देशांतील ४६६ रुग्णांचे कॅथेटरायझेशन करण्यात आले होते, इको कसाही असो. त्यांच्यापैकी १९ टक्क्यांना हा आजार निघाला. त्या काळी प्रचलित असलेल्या, मुख्यतः इकोवर आधारलेल्या २००९ च्या सूचना वापरल्या असत्या तर त्या आजारी लोकांपैकी २९ टक्के हातून सुटले असते. नव्या पद्धतीने ४ टक्के सुटले. माझ्या दृष्टीने इकोवर एकट्यावर विसंबू नये याचे याहून भक्कम कारण नाही.

ज्यांची डीएलसीओ ६० च्या वर आहे त्यांनाही ऑस्ट्रेलियातील स्क्लेरोडर्मा तज्ज्ञांच्या गटाची एक सोपी कसोटी लावता येते: एनटी-प्रोबीएनपी २१० किंवा अधिक असेल, अथवा डीएलसीओ ७० च्या खाली असून गुणोत्तर १.८ किंवा अधिक असेल, तर पुढील तपास करावा. मात्र वय वाढले किंवा मूत्रपिंडाचे काम मंदावले तरी एनटी-प्रोबीएनपी वाढते, आणि स्थूल व्यक्तींमध्ये ते कमी दिसते; त्यामुळे क्रिअॅटिनिन शेजारी ठेवूनच तो आकडा वाचावा.

बोरामणी

मी स्वतः रुग्ण आहे, निवृत्त शिक्षिका आहे. माझा आजार डिफ्यूज, म्हणजे त्वचा अंगभर ताठरण्याच्या प्रकारचा आहे आणि एससीएल-७० अँटिबॉडी आहे. डॉक्टरांचे लिखाण आदरपूर्वक वाचले, परंतु एक शंका मनात राहते आणि ती मी मोकळेपणाने मांडते. तुमच्याच आकड्यांवरून पाहिले तर १९ टक्क्यांना आजार निघाला, म्हणजे ८१ टक्क्यांना त्या अर्थाने आजार नव्हता आणि त्यांच्या हृदयात नळी घातली गेली. ज्या बाईला आज काही त्रास नाही, तिला अडीचशे किलोमीटरवर नेऊन, पैसे खर्च करून, एका धोक्याच्या प्रक्रियेला सामोरे जायला लावायचे आणि शेवटी ‘काही नाही’ असे ऐकून परत यायचे, हे कितपत योग्य आहे? शिवाय लवकर निदान झाल्याने माणूस खरोखर अधिक जगतो, की केवळ आजारी असल्याचे त्याला अधिक वर्षे माहीत असते?

श्वास

बोरामणी ताई, तुमचे दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि ते जगभरच्या तज्ज्ञांनीही विचारलेले आहेत.

पहिला प्रश्न धोक्याचा. त्या अभ्यासात सर्वांचे कॅथेटरायझेशन केले ते पद्धत तपासण्यासाठी. प्रत्यक्षात ती पद्धत वापरली तर त्या गटातील ६२ टक्क्यांना पाठवावे लागले असते. हे प्रमाण जास्त आहे हे मी नाकारत नाही, आणि सुटणारे रुग्ण कमी करायचे तर ही किंमत मोजावी लागते. मात्र प्रक्रियेचा धोका लोक समजतात त्याहून बराच कमी आहे. ही उजव्या बाजूची तपासणी आहे. मानेतील, मांडीतील किंवा हाताच्या शिरेतून बारीक नळी नेतात, धमनीतून नाही, आणि ती फुप्फुसाच्या धमनीपर्यंत जाते. अनुभवी केंद्रांतील ७,२१८ प्रक्रियांच्या पाहणीत, जी २००६ साली प्रसिद्ध झाली, गंभीर गुंतागुंत १.१ टक्क्यांना झाली आणि मृत्यू चार. ‘अनुभवी केंद्रे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जिथे ही तपासणी नियमित होते आणि वेज प्रेशर काळजीपूर्वक मोजला जातो, तिथेच ती करावी, आणि म्हणूनच दूर जावे लागले तरी चालेल असे मी म्हणतो.

दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे. फ्रान्समधील एका अभ्यासात, जो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, तपासणी मोहिमेत सापडलेल्या रुग्णांची तुलना तक्रारी घेऊन आलेल्या रुग्णांशी केली होती. आठ वर्षांनी पहिल्या गटातील ६४ टक्के आणि दुसऱ्या गटातील १७ टक्के रुग्ण हयात होते. परंतु प्रत्येक गटात केवळ १६ रुग्ण होते, आणि तुम्ही म्हणता तसा लवकर मोजायला सुरुवात केल्याचा भाग त्यात काही प्रमाणात असणारच. या एका अभ्यासावर मी सगळा भार टाकणार नाही. माझा विश्वास दुसऱ्या गोष्टीवर आहे: मोहिमेत सापडलेल्यांचा दाब आणि रोध दोन्ही कमी होते, म्हणजे उजवा कप्पा शाबूत असतानाच ते हाती लागले, आणि आज उपलब्ध असलेली औषधे त्या अवस्थेत काम करायला अधिक वाव ठेवतात.

तुमच्याबाबत एक वेगळी गोष्ट. एससीएल-७० असताना फुप्फुसाच्या ऊतीला वण पडण्याचा धोका अधिक असतो. त्यात एफव्हीसी आणि डीएलसीओ दोन्ही बरोबरीने खाली येतात, गुणोत्तर फारसे बदलत नाही आणि एचआरसीटीत, म्हणजे फुप्फुसांच्या बारकाईच्या सीटी स्कॅनमध्ये, ते वण दिसतात. त्यामुळे तुमच्या कागदांवर कोणता आकडा घसरतो आहे, हे आधी पाहावे लागेल.

बाराबंदी

मी बारा वर्षे इको करतो आहे. आमच्या बाजूचे दोन शब्द लिहितो, कारण ‘नॉर्मल’ हा शेरा आमच्याच हातून लिहिला जातो.

फुप्फुसातला दाब इकोत थेट मोजता येत नाही. उजव्या बाजूच्या झडपेतून जे थोडे रक्त मागे गळते, त्याचा वेग मोजतो, त्या वेगाचा वर्ग करून चारने गुणतो आणि उजव्या कर्णिकेचा दाब अंदाजाने मिळवतो. धागाकर्तींच्या आईंचे उदाहरण घेतले, तर ३४ हा दाब म्हणजे वेग साधारण २.७ मीटर प्रतिसेकंद, चार वेळा त्याचा वर्ग म्हणजे २९, आणि वर पाच. वेग २.८ च्या वर गेला तर शंका धरायची, ३.४ च्या वर गेला तर दाट शंका, असा संकेत आहे. पण २.७ आणि २.९ मधला फरक प्रोबचा कोन थोडा चुकला तरी निघून जातो. काही रुग्णांत गळती इतकी कमी असते की वेग मिळतच नाही, आणि अशा वेळी घाईत ‘दाब नॉर्मल’ असे लिहिले जाते. तिथे ‘मोजता आला नाही’ असे लिहिणे योग्य.

म्हणून माझी विनंती आहे की चिठ्ठीवर नुसते ‘टूडी इको’ न लिहिता आजाराचे नाव आणि ‘पल्मनरी हायपरटेन्शनसाठी’ असे लिहून आणावे. मग आम्ही उजवा कप्पा डाव्याच्या तुलनेत मोठा आहे का, मधला पडदा चपटा झाला आहे का, उजव्या कर्णिकेचे क्षेत्रफळ १८ चौरस सेंटिमीटरच्या वर आहे का, आणि फुप्फुसाच्या धमनीत रक्ताचा झोत शिगेला पोहोचायला १०५ मिलिसेकंदांहून कमी वेळ लागतो का, हे सगळे पाहतो. दिवसाला तीस-चाळीस इको असताना हे प्रत्येकाचे होत नाही, हे मी मान्य करतो. प्रश्न लिहून आला तर मात्र होते.

विजापूरवेस

आमचा अनुभव उलट दिशेचा आहे, तोही नोंदवून ठेवतो. माझ्या मावशींना हाच आजार. इकोत दाब ५० आला म्हणून एका ठिकाणी थेट सिल्डेनाफिल, म्हणजे फुप्फुसाच्या धमन्या सैल करणारे औषध, सुरू करण्यात आले. दम कमी झाला नाही, पाय सुजले. पुढे हैदराबादला कॅथेटरायझेशन झाले तेव्हा सरासरी दाब ३३ आणि वेज प्रेशर १९ निघाला. दाब मागून, म्हणजे हृदयाच्या ताठरलेल्या डाव्या बाजूकडून, येत होता. त्यांचे मुख्य औषध मग पाणी कमी करणाऱ्या गोळ्या आणि अंगातला रक्तदाब सांभाळणे हे ठरले.

श्वास

विजापूरवेस यांनी जे लिहिले त्यामुळेच कॅथेटरायझेशनशिवाय या औषधांना हात लावू नये. या आजारात फुप्फुसातला दाब तीन वाटांनी वाढू शकतो: धमन्या स्वतः अरुंद झाल्याने, फुप्फुसाच्या ऊतीला वण पडल्याने, किंवा हृदयाची डावी बाजू ताठरल्याने. एकाच रुग्णात दोन वाटाही एकत्र असतात. आज सरासरी दाब २० च्या वर, वेज प्रेशर १५ किंवा कमी आणि रोध २ वूड युनिटच्या वर असेल तर दोष फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांच्या बाजूला मानतात. मग एचआरसीटी आणि व्हीक्यू स्कॅन (फुप्फुसात हवा आणि रक्त कुठे पोहोचते हे दाखवणारा) पाहून वण आणि जुन्या गुठळ्या वगळायच्या असतात. पूर्वी, १९७३ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीपासून, दाबाची मर्यादा २५ होती. निरोगी माणसाचा सरासरी दाब १४ च्या आसपास असतो आणि २० च्या वर क्वचित जातो, हे स्पष्ट झाल्यावर २०१८ मध्ये ती खाली आणली गेली. कोणाच्या जुन्या कागदावर ‘२३, नॉर्मल’ असे लिहिले असेल तर तो कागद पुन्हा डॉक्टरांना दाखवावा.

दक्षिणकसबा

सर्वांचे मनापासून आभार. बोरामणी ताई, तुमच्या मनातली भीती आमच्याही घरात होती, म्हणून तो दिवस कसा गेला ते लिहिते. आईला भूल दिली नव्हती. मानेजवळ जागा बधिर केली, तेव्हा एक टोचणी जाणवली, आणि मग पडद्यावर आकडे बदलत होते ते तिला दिसत होते. नळी आत असण्याचा वेळ अर्ध्या तासाच्या आसपास होता. संध्याकाळी ती चहा पिऊन बसली होती आणि दुसऱ्या दिवशी आम्ही रेल्वेने परतलो.

आता तिला अॅम्ब्रिसेन्टन आणि टॅडालाफिल अशी दोन औषधे सुरुवातीपासून एकत्र दिली आहेत. सुरुवातीला एकच औषध देण्यापेक्षा ही जोडी दिल्याने प्रकृती बिघडण्याचे प्रमाण कमी राहते, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसले होते, असे डॉक्टरांनी सांगितले. सुरुवातीला पायांवर सूज आणि डोकेदुखी झाली. सूज अजून थोडी आहे. पहिल्या महिन्यात एका नातेवाइकाने छातीत जळजळले म्हणून तिला स्वतःची जिभेखालची नायट्रेटची गोळी देऊ केली होती, ती वेळीच थांबवली. टॅडालाफिल किंवा सिल्डेनाफिल सुरू असताना नायट्रेट दिल्यास रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकतो. त्या दिवसापासून औषधांची यादी फ्रिजच्या दारावर आणि आईच्या पर्समध्ये आहे. अॅम्ब्रिसेन्टन आणि बोसेन्टन या गटातील औषधे गर्भाला हानी करतात, हेही इथल्या तरुण रुग्णांसाठी लिहून ठेवते.

आणखी एक लहान गोष्ट, जिने आम्हाला दोनदा घाबरवले. बोटे थंड असताना बोटावरचा ऑक्सिमीटर ८४, ८६ असे आकडे दाखवायचा. रेनॉडमुळे बोटात रक्तच पोहोचत नसेल तर तो आकडा विश्वासार्ह नसतो. आता आम्ही कानाच्या पाळीला लावायचा ऑक्सिमीटर वापरतो.

बोरामणी

तपशील दिल्याबद्दल आभारी आहे. मी कपाटातून माझ्या पीएफटीचे चार वर्षांचे कागद काढले. एफव्हीसी ७८, ७४, ७३, ७२ आणि डीएलसीओ ६६, ६२, ६१, ५७. भागाकार केला तर १.१८, १.१९, १.२० आणि १.२६ येतो. दोन्ही आकडे बरोबरीने उतरताना दिसतात, शेवटच्या वर्षी मात्र डीएलसीओ किंचित जास्त उतरली आहे. एनटी-प्रोबीएनपी आजवर एकदाही केलेले नाही. सोमवारी डॉक्टरांना हे कागद दाखवून ती तपासणी आणि एचआरसीटी यांबद्दल विचारणार आहे. नळी घालण्याबद्दल माझे मत अजून पूर्ण बदललेले नाही, परंतु रक्ताची एक तपासणी न करण्यासाठी माझ्याकडे कोणतेही कारण नाही.

सूतगिरणी

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. बहिणीचे हिमोग्लोबिन ७.९ निघाले. तिच्या डॉक्टरांनी त्यानुसार डीएलसीओ दुरुस्त केली तर ती ५८ ऐवजी ७५ च्या जवळ आली. एनटी-प्रोबीएनपी ९० आले, युरिक अॅसिड आणि ईसीजी ठीक आहेत. बाराबंदी यांनी सांगितल्याप्रमाणे चिठ्ठीवर आजाराचे नाव लिहून इको पुन्हा करून घेतला. या वेळी रिपोर्ट दोन पानी आला आणि त्यात उजव्या बाजूची सगळी मापे होती, ती व्यवस्थित आहेत. पुण्याला सध्या जायची गरज नाही असे तिच्या डॉक्टरांनी सांगितले. थकवा आणि जिन्यावर थांबणे हे रक्त कमी असल्याने असावे, असे त्यांचे मत आहे. रक्त इतके कमी का, हे पाहण्यासाठी पोटाची दुर्बिणीची तपासणी सांगितली आहे. या आजारात जठराच्या आतल्या रक्तवाहिन्या फुगून त्यातून थोडे थोडे रक्त जात राहू शकते, असे ते म्हणाले.

डॉक्टर, एक प्रश्न उरला आहे. रक्त वाढल्यावर पीएफटी पुन्हा करायची, की थेट पुढच्या वर्षी?

श्वास

हिमोग्लोबिन दहा-अकराच्या वर स्थिरावले की एकदा करून घ्या, आणि त्याच दिवशी हिमोग्लोबिनही तपासा. दुरुस्ती हा शेवटी गणिताचा अंदाज असतो. तिचा खरा आकडा किती आहे हे तेव्हा कळेल आणि पुढच्या प्रत्येक वर्षाची तुलना त्या कागदाशी करता येईल. फोन करताना ‘स्पायरोमेट्री’ (नुसती फुंकण्याची तपासणी, जिच्यात डीएलसीओ नसते) नव्हे, ‘डीएलसीओसह पीएफटी’ होते का, असे विचारा, नाहीतर हेलपाटा होईल.